"उतारच तर आहे!" : मुक्तिनाथहून लुप्राच्या वाटेने जोमसोम

नेपाळमधल्या मुक्तिनाथजवळच्या राणीपौवाच्या स्टँडवर जीपच्या टपावरून सायकल उतरवून घेत होते तेवढ्यात मागून एकदम मराठी ऐकू आलं, "अगं, ही सायकल तुझी?" वळून बघते तर कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल आणि त्यावर अजून एक शाल अशा एक काकू. जळगावकडच्या. यात्रेच्या बसबरोबर आलेल्या आणि नुकत्याच मुक्तिनाथाच्या १०८ धारांखालून जाऊन आल्या होत्या, ते पाणी म्हणजे अक्षरशः नुकताच वितळलेला बर्फ, त्यामुळे दात अजून वाजत होते, पण चौकशी पूर्ण केलीच. एकटीच का, मिस्टर कुठेत, मुलं किती, त्यांना कोण बघतं. मग सायकलला हात लावून, "एवढं चढून आलीस हिच्यावर?" मी आपलं खरं ते सांगून टाकलं की नाही हो काकू, जीपनेच आले, उद्या इथून खाली जोमसोमला सायकलवर जाणार आहे, रस्त्याने नाही, मागच्या डोंगरावरून पायवाट आहे तिकडून. काकूंचा चेहरा उतरला. "हात्तिच्या. मग काय, उतारच तर आहे!"

हे वाक्य मला पुढचा अख्खा दिवस पुरलं.

थोडं मागचं सांगते. मी नाशिकची. आमच्याकडे सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लांब पल्ला येतो आणि ते साहजिकच आहे, महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ ती सोलो पूर्ण करून आले, तेव्हापासून आमच्या कॉलनीत दर तिसरा माणूस पहाटे त्र्यंबकला जाऊन येतो आणि स्क्रीनशॉट टाकतो. डोंगरावरून खाली येणं याला कोणी सायकलिंगच धरत नाही. मी पाच वर्षं पांडवलेण्याच्या मागच्या टेकड्यांवर माझी हार्डटेल (मागे शॉक नसलेली सायकल) घेऊन धडपडतेय (शब्दशः), आणि लोक विचारतात आज किती किलोमीटर, मी सांगते नऊ, मग ते विषय बदलतात.

तर लुप्राची वाट. नेपाळमध्ये मुस्तांग जिल्ह्यात मुक्तिनाथ आणि जोमसोम यांच्या मध्ये एक डोंगराची सोंड आहे. गाडीरस्ता तिला वळसा घालून कागबेनीच्या बाजूने जातो, आणि जुनी पायवाट सरळ त्या सोंडेवर चढून पलीकडे लुप्रा नावाच्या गावात उतरते, तिथून पांडा खोला या ओढ्याच्या पात्रातून कालीगंडकी नदीला आणि मग जोमसोमला. वाट चार हजार मीटरला जेमतेम टेकते न टेकते आणि संपते २,७०० च्या आसपास, म्हणजे अकराशे-बाराशे मीटर उतार, आणि त्यातला बराचसा घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडांच्या निसरड्या उतारावर. जगभरचे माउंटन बाइकवाले इथे येतात. मी दोन वर्षं नुसते व्हिडिओ बघत होते. व्हिडिओत सगळं सपाट दिसतं हे आधीच सांगून ठेवते.

पोखऱ्याला सायकल भाड्याने घेतली. फुल सस्पेन्शन म्हणजे पुढेमागे दीडशे मिलिमीटर दबणारे शॉक, ड्रॉपर पोस्ट म्हणजे चालवता चालवता खालीवर होणारी सीट, रुंद ट्यूबलेस टायर, आपल्याकडे हिच्या किमतीत सेकंडहँड स्कूटर येते. एक गोष्ट बरी केली की दुकानातच पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते बघितलं. डाव्या हाताला होता, युरोपातल्या गिऱ्हाइकांच्या सोयीने. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, वीस वर्षांची सवय आहे, घसाऱ्यावर दचकून चुकीचं बोट दाबलं तर थेट हँडलवरून पुढे. पोराला सांगितलं, त्याने अर्ध्या तासात अदलाबदल करून दिली. दुसरी गोष्ट बघायची राहिली, तिच्यामुळे पुढचं सगळं झालं, येतेच त्यावर.

पोखरा ते जोमसोम विमान आहे, वीसेक मिनिटांचं, पण छोट्या विमानात सायकलचा भरवसा नाही म्हणून जीप. बेनी, तातोपानी, घासा. त्या रस्त्याबद्दल एवढंच लिहिते की पोचल्यावर माझं हेल्मेट घालून झोपावंसं वाटलं. मध्ये मार्फाला दोन रात्री मुद्दाम राहिले, २,६७० मीटर, उंचीची सवय व्हावी म्हणून. सफरचंदाच्या बागांचं गाव, दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, चपट्या छपरांच्या कडेने रचलेली जळाऊ लाकडं, आणि जेवायला थकाली थाळी ज्यात ढिंडो म्हणून फापराच्या (कुट्टूच्या) पिठाचा उकडीसारखा गोळा असतो तो मला फार आवडला, कुणाला आवडत नाही म्हणे.

गाइड तिथेच भेटले. पन्नाशीचे असतील, पूर्वी याच वाटांवर खेचरं हाकायचे, आता आमच्यासारखी. मी त्यांना दाइ म्हणायचे, म्हणजे दादा. ते मला 'बहिनी' म्हणायचे. पहिला अख्खा दिवस मी 'वहिनी' ऐकत होते आणि मनात म्हणत होते की यांना माझ्या नवऱ्याचं काय माहीत. नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण, हे रात्री जेवताना कळलं.

राणीपौवा ३,७०० च्या आसपास आहे. दोन कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर ठेवल्या तरी हॉटेलची गच्ची वरच राहते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी, म्हणजे दर श्वासाला एक तृतीयांश माल कमी येतोय. मी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बरोबर नेला होता, नेऊ नये. रात्री दोन वाजता डोकं जड म्हणून बोटाला लावला तर ८७. २०२१ मध्ये आमच्या घरात ९१ आल्यावर आम्ही गाडीत घालून बेड शोधत फिरलोय, त्यामुळे तो आकडा बघून पोटात खड्डाच पडला. हॉटेलच्या दिदी उठून आल्या, आकडा बघितला, म्हणाल्या इथे नवीन आलेल्या सगळ्यांचा असाच येतो, डोकं फार दुखतंय का, उलटी होतेय का, सरळ चालता येतंय का, नाही ना, मग लसणाचं सूप पी आणि झोप. डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून सुरू होतीच. झोप नाही आली पण पडून राहिले.

पहाटे देवळात जाऊन आले. येताना एका स्टॉलवरून सासूबाईंसाठी शाळिग्राम घेतला. निघताना त्यांची एकच मागणी होती. चकती ठसठशीत दिसेल असा बघून आण म्हणाल्या होत्या. शाळिग्राम म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या अ‍ॅमोनाइट नावाच्या शंखवर्गी प्राण्याचा जीवाश्म, मुक्तिनाथच्या आजूबाजूच्या काळ्या शेल नावाच्या ठिसूळ खडकाच्या थरांतून सुटतात आणि नदीत घरंगळत गुळगुळीत होतात. म्हणजे हिमालय जिथे आहे तिथे समुद्राचा तळ होता याचा पुरावा आमच्या देवघरात तुळशीपत्र घेऊन बसतो. असो. सॅकमध्ये टूलकिट, पंप, पाणी, त्यात हा लिंबाएवढा दगड, कुठे आपटायला नको म्हणून जाड मोज्यात घातला आणि मध्यभागी ठेवला.

सात वाजता निघालो. लवकर निघण्याचं कारण वारा. कालीगंडकीच्या खोऱ्यात दहा-अकरानंतर दक्षिणेकडून जो वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही, जोमसोमची विमानं त्यामुळेच सकाळी उडून मोकळी होतात. एका बाजूला धौलागिरी, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, मध्ये ही चिंचोळी घळ, उत्तरेला तापणारं कोरडं पठार. वाऱ्याला दुसरी वाटच नाही.

सुरुवातीला थोडा कच्चा रस्ता चढाचा, तो पेडल मारत. दाइंनी दाखवलं की मागच्या शॉकवर एक निळी खटकी आहे, चढाला ती आडवी कर म्हणजे सस्पेन्शन कडक होतं आणि पेडल मारताना सायकल डुलत नाही. केली आडवी. मग वाट इतकी उभी झाली की उतरून ढकलायला लागलो, मग ढकलणंही जमेना, मग सायकल खांद्यावर. पंधरा किलोची सायकल खांद्यावर घेऊन ३,८०० मीटरवर वीस पावलं चालायची, उभं राहायचं, पुन्हा वीस पावलं. दाइ पुढे, मागे न बघता म्हणायचे, "बिस्तारै, बहिनी, बिस्तारै." हळू. मी याहून हळू गेले असते तर मागे गेले असते.

आणि मग माथा. समोर धौलागिरी, ८,१६७ मीटर, अख्खा, मधे काहीच आड नाही. डावीकडे निलगिरी इतका जवळ की त्याच्या बर्फातल्या भेगा दिसतात, मागे थोरांग लाची खिंड. प्रार्थनेच्या पताका फडफडतायत. मी फोटो काढला, पाणी प्यायले, गुडघ्याचे पॅड चढवले, सीट खाली केली. निळी खटकी आडवीच. लक्षातच नाही आलं.

पहिला टप्पा खरं तर सोपा. कोरडं गवत, बुटकी काटेरी झुडपं, धुळीची अरुंद वाट सोंडेच्या माथ्याने हळूहळू खाली जाते. व्हिडिओत सगळे इथे तरंगत जातात. मला मात्र प्रत्येक दगड मणक्यात कळत होता. मागचं चाक ठाणठाण उडत होतं, पायडलवरून पाय निघत होते. आणि इथे माझ्यातली क्वालिटी इन्स्पेक्टर जागी झाली. मी मनात गणित मांडलं: टायरमध्ये हवा भरली पोखऱ्याला, मागे २७ पीएसआय. पोखरा आठशे मीटरवर, तिथे बाहेरचा दाब तेरा-साडेतेरा पीएसआय, इथे नऊच्या आसपास. बाहेरचा दाब कमी झाला म्हणजे टायरच्या आतला तेवढा वर दिसणार, म्हणजे माझा टायर ३१ ला गेलाय, म्हणूनच दगडासारखा झालाय! थांबले, दाइंना हिंदीत हे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली (हल्ली मला वाटतं ती नकाराची होती), आणि मी दोन्ही टायरमधून फुस्स करून चांगली हवा सोडली. अंगठ्याने दाबून बघितलं, छान मऊ.

तीनशे मीटर गेले असेन. एक गुडघ्याएवढी दगडी पायरी होती, अशा मी घरी शंभर उतरलेय, वजन मध्यावर, टाचा खाली, पुढचं चाक सोडलं, मागचं आलं आणि खण्णकन रिम दगडावर बसली. टायर रिमवरून सुटून ढेकर दिल्यासारखी हवा बाहेर, आतलं पांढरं सीलंट (भोकं बुजवणारा चीक) पायावर.

आता हवा भरा. छोट्या हातपंपाने. तिथली हवा विरळ असल्यामुळे दर दाबाला कमी हवा आत जाते, नाशिकला शंभर वेळा दाबून जे होतं त्याला तिथे दीडशे, आणि ते दाबणाऱ्या बाईलाही तीच विरळ हवा. मी पन्नास दाबले की दाइ पन्नास दाबायचे. टायर बसला. मग दाइ उभे राहिले, सायकलच्या सीटवर हात ठेवून एकदा खाली दाबलं. सायकल हललीच नाही. ते वाकले, निळी खटकी सरळ केली, पुन्हा दाबलं. सायकल गादीसारखी खाली गेली आणि वर आली. माझ्याकडे बघून एक शब्द बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

हार्डटेल चालवणाऱ्या माणसाला मागच्या शॉकची आठवणच नसते, हे एक कारण झालं. पण खरं कारण ती उंची. डोकं चालतंय असं वाटतं, उलट जरा जास्तच चालतंय असं वाटतं, दाबाची गणितं सुचतात, आणि समोरची खटकी दिसत नाही. गणितही अर्धवटच होतं बरं का, नंतर जोमसोमला कागदावर मांडलं. थंडीने आतल्या हवेचा दाब उतरतो, ते मी धरलंच नव्हतं. पोखऱ्याला पंचवीस डिग्री आणि वर दहा धरली तरी वाढलेल्यातली जवळजवळ निम्मी वाढ थंडीनेच खाल्लेली. म्हणजे टायर जेमतेम दोन पीएसआयने कडक झाला होता आणि मी त्यातून आठ-दहा काढून टाकले. दाब मोजायचं गेज? सॅकमध्ये होतं. शाळिग्रामाच्या शेजारी.

या सगळ्यात पाऊण तास गेला.

पुढचा टप्पा म्हणजे ज्यासाठी लोक येतात तो. सोंड संपते आणि वाट एकदम डाव्या-उजव्या वळणांनी लुप्राच्या दरीत कोसळते. करडी-काळी शेल, बिस्किटासारखी तुटणारी, तिचा चुरा वाटेवर पसरलेला. सह्याद्रीत घसारा म्हणजे मुरूम आणि गोटे, तो पायाखाली घरंगळतो. हा पत्र्यावर पत्रे ठेवल्यासारखा सरकतो, आणि आवाजही काचेसारखा करतो. वाट दीड-दोन फुटांची आणि बाहेरच्या बाजूला दृष्टिभय भरपूर, खाली कुठेतरी हिरव्या शेतांचा एक तुकडा, तेच गाव, पानाच्या ठेल्यावरच्या चुन्याच्या डबीएवढं.

इथे मला जे कळलं ते नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण व्हिडिओत कुणीच हे सांगत नाही. घरी उतार म्हणजे विश्रांती असते. चढताना फुफ्फुसं जळतात, उतरताना पाय मोकळे आणि श्वास परत येतो. तर वळण समोर आलं की मी काय करते, तर श्वास रोखते. सगळेच रोखतात, सुईत दोरा ओवताना रोखतो तसा. ब्रेक वळणाच्या आधी मारून घ्यायचा, वळणात सोडायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे, बाहेरचं कोपर वर, वजन पायांत, हात हलके, हे सगळं पाच-सहा सेकंदांत, आणि तेवढा वेळ श्वास बंद. नाशिकला दोन श्वास घेतले की हिशोब फिटतो. इथे दुसऱ्या वळणाला श्वास रोखला, तिसऱ्याला रोखला, चौथ्याच्या तोंडाशी डोळ्यासमोर बारीक काळे ठिपके. धावले नव्हते, एक पेडल मारलं नव्हतं, आणि छाती अशी धपापत होती की सिंहगडच्या पायथ्यापासून पळत आलेय. उतारावर दम लागतो हे मला चाळिशीच्या तोंडावर पहिल्यांदा कळलं.

चौथ्या वळणाला पडले. घाबरून मागे सरकले होते, तीच जुनी चूक. आपल्याकडे सगळे शिकवतात की उतारावर मागे बसा, पण फार मागे गेलं की पुढच्या चाकावर वजनच उरत नाही, आणि वजन नसलेलं चाक अशा चुऱ्यावर वळत नाही, नुसतं घसरतं. हँडल वळलं, सायकल सरळच गेली. नशीब की डोंगराच्या बाजूला पडले. कोपराचा पॅड मनगटापर्यंत सरकला आणि कोपर शेलवर चांगलं किसून निघालं. उठून पहिल्यांदा सॅक चाचपली. देव शाबूत.

दाइ वर चालत आले. सायकल उचलली, हँडल सरळ केलं, आणि म्हणाले, "सास फेर्नुस्, बहिनी. सास फेर्नुस्." मी म्हटलं सासचा काय संबंध, सास तर नाशिकला आहेत! त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून मोठा श्वास घेऊन सोडून दाखवला. सास म्हणजे श्वास. श्वास घे. त्या चढउतारावर, रक्ताळलेलं कोपर घेऊन, मी इतकी हसले की पुन्हा दम लागला.

मग त्यांनी एक युक्ती दिली. प्रत्येक वळणाच्या तोंडाशी मोठ्याने फूऽऽ करून श्वास सोडायचा. सोडला की घेतला जातोच आपोआप. बस. खेचरांच्या मागून चढताना ते हेच करायचे म्हणे. मी पुढची वळणं फूऽऽ फूऽऽ करत उतरले, चहा गार करणाऱ्या माणसासारखी, आणि खरंच फरक पडला. सगळी नाही जमली. मोजली नाहीत पण निम्मी सायकलवर आणि निम्मी पायी असतील. दोन ठिकाणी वाट इतकी अरुंद आणि वळण इतकं आवळलेलं की तिथे पुढच्या ब्रेकवर उभं राहून मागचं चाक उचलून फिरवावं लागतं. दाइंनी ते असं केलं जसं आपण अंगणात पाट सरकवतो. मी उतरून चालले. मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत वळवता येतं, पण त्याने वाटेला चर पडतो आणि पावसात ती वाट वाहून जाते, आणि ती वाट काही आमच्यासाठी केलेली नाही, गावची आहे. हे दाइंनी दोनदा बजावलं होतं.

ते पटलंही लगेच. अशाच एका वळणावर मी सायकल धरून कडेला उभी, फुफ्फुसं भरतेय, खालून एक आजी येतायत. पाठीवर डोको, म्हणजे कपाळाच्या पट्ट्यावर लटकवलेली टोपली, तिच्यात शेणाच्या गोवऱ्या का काय, पायात रबरी चपला. मी जिथे पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह्ज घालून चालत उतरत होते तिथे या चपलांवर चढत होत्या, आणि तोंडाने गुणगुणत होत्या. माझ्याजवळ आल्यावर थांबल्या, कोपर बघितलं, दाइंना काहीतरी विचारलं, दोघं हसले. काय म्हणाल्या ते दाइ सांगेनात. फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, विचारत होत्या की सायकल चालवायची नाही तर आणली कशाला.

गावाच्या थोडं वर ब्रेक गार करायला थांबलो. रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, निळसर झाले होते, करपल्यासारखा वास, थंड होताना टिंग टिंग वाजत होते. ब्रेकचे पॅड मेटलचे होते म्हणून टिकले. माझ्या हातांचं काय सांगू, खालच्या हाताचे स्नायू एवढे ताठ की बोटं हँडलवरून एक-एक करून सोडवावी लागली. एका बोटाने ब्रेक दाबायचा असतो हे मला माहीत आहे, तरी घाबरलं की दोन बोटं जातातच आणि मग पकडायला दोनच उरतात.

लुप्रा गाव मात्र सुंदर. छोटंसं, मातीची घरं, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, बोन धर्माचं गाव. बोन म्हणजे तिबेटात बौद्ध धर्माच्या आधीपासूनची परंपरा, तिथले लोक अजून ती पाळतात. दाइंनी सांगितलं की बौद्ध लोक स्तूपाला उजवी घालतात, हे डावी घालतात, तेव्हा इथे तू स्तूप डाव्या हाताला ठेवून जा. गेले. एका घरी काळा चहा मिळाला आणि वाळवलेली सफरचंदं, आणि घरच्या मुलीने माझ्या कोपरावर न विचारता हळद लावली. तासभर बसायचं होतं पण दाइ आभाळाकडे नाही, पताकांकडे बघत होते. पताका आडव्या झाल्या होत्या.

पुढचं पटकन उरकते कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त शिव्या आहेत. झुलता पूल, मग पांडा खोलाचं पात्र, गोटे, मधूनमधून गुडघ्याच्या खाली पाणी, बूट ओले. कालीगंडकीला लागलो तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले आणि वारा तोंडावर. रस्ता सपाट, आणि मी सगळ्यात हलक्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, दातात वाळू. मध्येच एक झोत असा आला की सायकल जागेवर थांबली, मी पेडल मारतेय आणि सायकल थांबलेली. पाऊण तास टायरमध्ये घालवला नसता तर हे चुकलं असतं, हे दाइ बोलले नाहीत, मीच दर दोन मिनिटांनी स्वतःला ऐकवत होते. काकूंची फार आठवण आली.

जोमसोमला हॉटेलात सीबकथॉर्नचा गरम रस मागवला, नारिंगी, आंबट, आपल्या कोकमाचा हिमालयातला चुलतभाऊ. पेला दोन्ही हातांनी धरला तरी थरथरत होता. दाइंनी शॉकची निळी खटकी जाता जाता एकदा आडवी केली, पुन्हा सरळ केली, माझ्याकडे बघितलं आणि शेवटी एकदाचे हसून घेतलं.

वायफाय लागल्यावर घरी व्हिडिओ कॉल केला. लेकीला धौलागिरी दाखवायचा होता, तो ढगात गेला होता. कोपर दाखवणार नव्हते पण दिसलंच. नवरा म्हणाला लागलं का फार, मी म्हटलं नाही रे, हळदीने जास्त दिसतंय. तेवढ्यात सासूबाई मागून आल्या, चष्मा कपाळावर. "आणलास का? बघू."

मी सॅक उघडली, देव काढला, कॅमेऱ्यासमोर धरला. चकती अगदी ठसठशीत दिसत होती. पलीकडे एक क्षण शांतता.

"अगं, मोज्यात?"

"धुतलेला होता हो आई."